पट्टीवर आल्याशिवाय

आमचे घरमालक निगर्वी नव्हते. मनमिळाऊ तर मुळीच नव्हते. परोपकारी म्हणावं, तर मी त्यांच्या घरात राहिलो तेवढ्या काळात त्यांनी माझ्यावर एकच उपकार केला. गच्चीवरची दोरी मला कपडे वाळत घालायला दिली, तीही रविवार सोडून. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण या बाबतीत माझा नाइलाज आहे आणि तो का, ते ओघाने येईलच.

बँकेतून बदली होऊन मी मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याला गेलो तेव्हा त्यांचा वरचा मजला रिकामा होता. गृहस्थ निवृत्त पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. तिगावच्या बाजूला संत्र्यांचा बगीचा, मुलगी लग्न होऊन पुण्याला, घरात ते आणि काकू. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, त्यांच्याहून वयाने मोठे लोकसुद्धा. घर पाहायला गेलो तर त्यांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, घरात अंडं शिजणार का हेही विचारलं नाही. वडील आहेत का, एवढंच विचारलं. नाहीत म्हटल्यावर त्यांनी डोळे बारीक केले.

"मातीले लोक किती होते?"

मोजले नाहीत, पण अंत्ययात्रेला बरेच होते, असं मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं की बोललं कोण. मला प्रश्न कळला नाही. आमच्याकडे कोणीच बोललं नव्हतं. गुरुजींनी सांगितलं तसं केलं आणि घरी आलो. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जी कीव आली, तिच्यापोटीच मला घर मिळालं असावं. बापाच्या चितेपाशी ज्याच्या घरचा एक माणूस चार शब्द बोलू शकला नाही, त्याला निदान डोक्यावर छप्पर तरी द्यावं, असा त्यांचा हिशेब असणार.

त्या भागात, म्हणजे पांढुर्ण्यात, तिकडे सौंसरला आणि मधल्या खेड्यांतही, चिता पेटली की लोक लगेच पांगत नाहीत. घाटावरच्या शेडखाली बसतात आणि शोकसभा होते. दोघं-तिघं उठून गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात, मग सगळे स्तब्ध उभे राहतात आणि हातपाय धुऊन घरी जातात. इतर गावांत हे बोलायचं काम ज्याला सुचेल तो करतो. पांढुर्ण्यात ते काकाजींनी आपल्या नावावर करून घेतलं होतं. पटवारीच ते, नावावर करून घेण्यात त्यांचा हात कोण धरणार?

भाषणाची सुरुवात ते शुद्ध हिंदीत करत, मधला भाग पुस्तकी मराठीत आणि शेवट संस्कृतात. स्वतःच्या बोलीत ते फक्त घरी बोलत. निगर्वी, मनमिळाऊ आणि परोपकारी हे तीन शब्द प्रत्येक मयताला ठरलेले होते. ज्याने सख्ख्या भावाचा बांध कोरला तो निगर्वी. जो शेजाऱ्याशी आयुष्यभर बोलला नाही तो मनमिळाऊ. बांध कोणी किती कोरला हे काकाजींना पक्कं ठाऊक असायचं, कारण मोजणीला तेच गेलेले असत. पण घाटावर ते कोणाची मोजणी करत नसत.

भाषणाच्या मध्यावर चौहद्दी यायची. शेताच्या चार बाजूंना कोणकोण आहे ते पटवारी कागदावर लिहितो, ती चौहद्दी. काकाजी माणसाची चौहद्दी सांगत. पूर्वेस धर्मपत्नी, उत्तरेस ज्येष्ठ चिरंजीव, दक्षिणेस कनिष्ठ चिरंजीव, पश्चिमेस किराणा दुकान आणि मध्ये दिवंगत. एकदा त्यांनी एका माणसाच्या दक्षिणेस त्याच्या दुसऱ्या घराचाही उल्लेख केला. त्या दिवशी शोकसभा जरा लांबली.

असा हा मक्ता निर्वेध चालला असता, पण गावात आणखी एक वक्ता होता. निवृत्त पोस्टमास्तर. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही, राहायचे पुतण्याकडे. काकाजी आणि ते एका शाळेत, एका बाकावर होते आणि तेव्हापासून एकमेकांना सहन करत आले होते. पोस्टमास्तरांचं भाषण लहान असे आणि लोक रडत. काकाजींचं भाषण मोठं असे आणि लोक घड्याळ बघत. याचा अर्थ काकाजी असा लावत की पोस्टमास्तर लोकांना रडवतो आणि आपण विचार करायला लावतो. सौंसरला कोणाच्या मातीला जायचं असलं की दोघं एकाच बसला, एकाच सीटवर शेजारी बसत आणि सौंसर येईपर्यंत एक शब्द बोलत नसत. मी समजायचो भांडण आहे. नंतर कळलं की दोघंही मनातल्या मनात भाषण पाठ करत असत.

आता या धंद्याला रोज ताजी खबर लागते आणि ती यायची केबलवर. गावच्या केबलवाल्याचा स्वतःचा एक चॅनल होता. त्यावर दिवसभर जुने सिनेमे, साड्यांच्या सेलची आणि शिकवणी वर्गांची जाहिरात, आणि खाली सरकत जाणारी पट्टी. पट्टीवर हरवलेली म्हैस, पाणी न येण्याची सूचना आणि 'बडे दुःख के साथ सूचित किया जाता है'. गावातलं रडणं मराठीत असलं तरी मरणाची सूचना हिंदीतच निघायची. सरकारी भाषेत मेल्याशिवाय तिकडे कोणाचं समाधान होत नाही. काकाजी टीव्हीचा आवाज बंद करून फक्त ही पट्टी बघत. सिनेमात नायिका तोंड हलवत नाचत असायची आणि यांची नजर तिच्या पायांच्याही खाली. शेजारच्या खुंटीवर पांढरी टोपी आणि दुपट्टा तयार. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कोणाला तरी घ्यायला स्टेशनवर जाणार आहेत.

बाकी सगळ्या गावाला या बातम्या फोनवरच्या ग्रुपवर कळत. काकाजींचा फोन बटणांचा होता आणि तो स्मार्ट करायला ते तयार नव्हते, त्यालाही इतिहास होता. मी येण्याच्या आधी कधीतरी शेजाऱ्याने त्यांना मोबाइलवर आलेली खबर दाखवली होती, की बोरगावचे एक मोठे बगीचेवाले गेले. काकाजी भाषण जुळवत, हार घेऊन बोरगावला पोचले. तर दिवंगत गृहस्थ अंगणात बाजेवर बसून भाकर खात होते. काकाजींच्या हातातला हार पाहून त्यांनी हात धुतले, हार गळ्यात घालून घेतला आणि सत्कार कशाबद्दल ते विचारलं. काकाजी "असंच" म्हणाले, चहा प्याले आणि परतीच्या बसमध्ये त्यांनी फोनवरच्या मरणावर कायमचा बहिष्कार टाकला. केबलवाला मात्र पट्टी लावण्याआधी मयताच्या घरी फोन करून खात्री करून घ्यायचा. तेव्हापासून त्यांचा कायदा एकच होता, "पट्टीवर आल्याशिवाय कोनी मेलं नाही." हा कायदा ते मलाही दर आठवड्याला ऐकवत, मी जणू कोणाला आधीच मारायला निघालो होतो.

अशा घरात स्मार्ट टीव्ही आला. पुण्याच्या मुलीने पाठवला, आई-वडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला. जुना डब्बा टीव्ही कंपनीचा माणूस बदल्यात घेऊन गेला आणि भिंतीवर एक भला मोठा काळा आरसा टांगून गेला. माझ्या वरच्या इंटरनेटला त्याने तो जोडून दिला. मला विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच. टीव्ही सुरू झाल्या झाल्या पडद्यावर मराठीत प्रश्न आला, 'कोण पाहत आहे?' काकाजींनी उठून पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि मौजा सांगितला. टीव्हीने त्याची कसलीही नोंद घेतली नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्या मनात त्याच्याबद्दल अढी बसली.

मुलगी फोनवर म्हणाली की बाबा, आता केबलची गरज नाही, जगातलं सगळं दिसतं यात.

"आपल्या गावचे मेलेले दिसते काय?" काकाजींनी विचारलं.

ती म्हणाली, ते नाही दिसत.

"मंग कायचं जग," म्हणून त्यांनी फोन काकूंना दिला.

कंपनीचा माणूस गेल्यावर काकूंनी रीतीप्रमाणे टीव्हीची पूजा केली. नारळ फोडला, पेढा ठेवला, तुपात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्या घरात पंप आला तरी पूजा, मिक्सर आला तरी पूजा, मी नवी स्कूटर आणली तर माझ्या आधी तिला टिळा. दुसऱ्या दिवशी केबलवाला आला. त्याने आपला डब्बा जोडला, वायर मागे खोचली आणि रिमोट उचलून म्हणाला, आता फक्त टीव्हीला सांगायचं की केबलकडे बघ. ते सांगायला त्याने बटण दाबलं. टीव्ही ढिम्म. पुन्हा दाबलं. पडद्यावर कुठल्याशा परदेशी मालिकेच्या जाहिरातीतली बाई पिस्तूल रोखून उभी होती, ती हलेना. टीव्हीच्या खालच्या अंगाला एकच बटण होतं, चालू-बंद करायचं. त्याने बंद केलं, चालू केलं. बाई परत आली.

रिमोट बिघडला असं ठरलं. सेल बदलले. बसस्टँडजवळच्या दुकानातून दुसरा रिमोट आला, मग तिसरा. मी कंपनीला फोन केला. तिकडच्या बाईंनी गोड आवाजात टीव्ही बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं आणि माझ्या समाधानाला दहापैकी किती गुण द्याल ते विचारलं. शेजारचे दोन निवृत्त शिक्षक येऊन टीव्हीकडे बराच वेळ बघून गेले. शेवटी काकाजींनी स्वतः निदान केलं.

"हा पुन्यावून आला. याले एमपीची केबल चालून नाही राहिली."

केबलवाला म्हणाला, काकाजी, टीव्हीला काय कळतंय राज्य. पण काकाजींचं आयुष्य हद्दी ठरवण्यात गेलेलं. आपल्याला महाराष्ट्राने इकडे सोडलं तेव्हापासून तिकडून येणारी प्रत्येक वस्तू अशीच वागते, असं त्यांनी सिद्ध केलं आणि भिंतीवरचा टीव्ही हा सीमावाद झाला. सीमावाद म्हटल्यावर तो लवकर सुटणार नाही हे ओघानेच आलं.

इकडे गावातली माणसं काही टीव्ही दुरुस्त व्हायची वाट बघत थांबली नव्हती. एक सराफ गेले, एक सायकलवाले गेले, एका मुख्याध्यापकांच्या आई गेल्या. तिन्ही ठिकाणी पोस्टमास्तर एकटे बोलले आणि तिन्ही भाषणं चांगली झाली, असं लोक काकाजींना मुद्दाम सांगायला आले. शेजाऱ्याकडे जाऊन पट्टी बघणं त्यांच्या गर्वात बसत नव्हतं, आणि काकाजी खंगू लागले. सकाळी उठून ते अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानासमोर जाऊन बसत. बांबू गेले की मागोमाग निघायचे, अशी तोड काढली होती. एकदा बांबूंच्या मागे दोन मोहल्ले चालत गेले, तर बांबू टमाट्याच्या मळ्यात शिरले. मळेवाल्याने एवढ्या उन्हात पांढरी टोपी घालून कसे काय, म्हणून चौकशी केली. काकाजींनी त्याला टमाट्याचा भाव विचारला आणि परत आले.

हसू यायचंच, पण एक सांगतो, त्यांना नुसतं भाषण चुकल्याचं दुःख नव्हतं. ते मला पोस्टमास्तर घरी आले त्या संध्याकाळी कळलं. ते टीव्ही बघायला आले होते, म्हणजे टीव्ही चालत नाही हे बघायला. माझ्याही हातात काकूंनी चहा दिला म्हणून मी बसलो होतो. पोस्टमास्तर बराच वेळ त्या पिस्तुलवाल्या बाईकडे बघत होते. हल्ली त्यांचा पाय सुजायचा, जिना चढवत नव्हता.

"पटवारी," ते म्हणाले, "मी मेलो तं तुले पत्ता लागन काय?"

"लागन ना. पट्टी सुरू होऊनच राहिली."

"माह्या मातीले तूच बोलशीन. दुसरा कोनी नाही बोलला पाह्यजे."

"अन् मी आंधी गेलो तं?"

"तं मी बोलीन. पक्कं. पन एक आयक. खोटं नको बोलू. मले निगर्वी म्हटलं तं चितेवरून उठून बसीन."

काकाजी हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि पोस्टमास्तरांच्या बशीत आपला उरलेला चहा ओतला. आयुष्यभर एकमेकांच्या शब्दांची चोरी केली म्हणून भांडलेले हे दोन म्हातारे, आणि त्यांचा करार असा चहाच्या बशीवर झाला. त्यानंतर काकाजी केबलवाल्याला सकाळ-संध्याकाळ फोन करू लागले. टीव्ही लावून दे, मी तुझ्या पाया पडतो, असंही एकदा म्हणाले. पटवारी कोणाच्या पाया पडायची भाषा करतो, हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

मग एका सकाळी मी बँकेत जायला निघालो असताना माझ्या फोनवर ग्रुपमधली खबर आली. पोस्टमास्तर पहाटे झोपेतच गेले होते. पुतण्याने स्वतः लिहिलं होतं, मौत, म्हणजे अंत्ययात्रा, दुपारी निघणार होती. मी जिना उतरून खाली आलो. काकाजी ओसरीवर बगीच्यातली संत्री निवडत बसले होते, डागी एका बाजूला, चांगली एका बाजूला. मी सांगितलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"पट्टीवर येऊ द्या," म्हणाले.

मी म्हटलं, काकाजी, पुतण्याने लिहिलंय. ते म्हणाले, बोरगावच्या वेळीही कोणी तरी लिहिलंच होतं. मी फोन पुढे केला, त्यांनी तो हाताने बाजूला सारला आणि एक चांगलं संत्रं डागी संत्र्यांत टाकलं. माझा पारा चढत होता. एवढे दिवस पट्टी पट्टी करून घर डोक्यावर घेतलं, बांबूंच्या मागे धावले, आणि ज्या एका माणसासाठी हे सगळं, तो गेला तर हे जागचे हलत नव्हते.

तेवढ्यात केबलवाला मोटारसायकलवरून आला. तो आत येऊन उभाच राहिला आणि हळू म्हणाला, "काकाजी, पट्टी लावली मी. घरी फोन करून इचारलं."

"मले दिसली नाही," काकाजी म्हणाले.

केबलवाला बिचारा टीव्हीसमोर जमिनीवर जाऊन बसला, नुसतं काही तरी करायचं म्हणून. एरवी आम्ही सगळे टीव्हीपुढे उभं राहून रिमोट दाबायचो. तो पहिल्यांदा खाली बसला आणि खालून वर बघितलं. मग त्याने काकूंना हाक मारून विचारलं की हे इथं काय लावलंय. काकू म्हणाल्या की पूजेच्या दिवशी मीच लावलं, तिथं एक बारीक लाल दिवा होता, देवाच्या जागेसारखा दिसला म्हणून नेमकं त्याच्यावर स्वस्तिक काढलं. केबलवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. टीव्हीचा डोळा तिथेच होता, रिमोटचं सांगणं त्याला तिथूनच दिसायचं. तुपातलं कुंकू वाळून त्याच्यावर चांगला जाड थर बसला होता. म्हणजे सीमावाद वगैरे काही नव्हता. आम्ही सगळे मिळून एका आंधळ्याला खुणा करून दाखवत होतो.

तो अंगठ्याने कुंकू खरवडायला गेला, तेवढ्यात काकाजी उठले. त्या वयात इतक्या झटकन उठताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. कुंकू पुसत नसते."

केबलवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा कुठे उमगलं, की ते कुंकू आहे तोवर पट्टी येणार नाही, आणि पट्टी आली नाही तर पोस्टमास्तर अजून पुतण्याकडे पाय वर करून बसलेले आहेत. एवढा वेळ मनात साचलेला माझा राग कुठल्या कुठे गेला. काकाजींच्या हातून केबलवाल्याचं मनगट सुटत नव्हतं.

शेवटी काकू पुढे झाल्या. चाळीस वर्षं त्या माणसापुढे त्यांनी कधी आवाज चढवला नसेल. तेव्हाही चढवला नाही.

"अवो, थे टीव्हीचं कुंकू आहे, माह्यं नाही. सोडा त्याले. मानूस तिकडं तुमची वाट पाहून राहिला."

आणि त्यांनी पदराचं टोक ओलं करून कुंकू पुसलं. केबलवाल्याने रिमोट दाबला. पिस्तुलवाली बाई गेली, कुठला तरी जुना सिनेमा आला, त्यात नायिका नाचत होती. तिच्या पायांखालून 'बडे दुःख के साथ' सरकत आलं आणि त्यामागून पोस्टमास्तरांचं नाव. काकाजींनी ते उभ्या उभ्या वाचलं. पट्टी फिरून पुन्हा आली, तेव्हा पुन्हा वाचलं. मग त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

घाटावर मी त्यांच्यासोबत होतो. बँकेला त्या दिवशी मी कळवलं की घरात मयत झाली. चिता पेटली, लोक शेडखाली बसले. काकाजी उठल्यावर दोन-चार जणांनी सवयीने घड्याळ पाहिलं. त्यांनी हिंदी सुरू केली नाही, पुस्तकी मराठीही नाही. घरात बोलायचे तसंच बोलले.

"हा मानूस निगर्वी नव्हता. लय गर्व होता याले, आपल्या बोलन्याचा. मनमिळाऊबी नव्हता, माह्याशी तं बिल्कुल नव्हता. पन माह्यापेक्षा चांगला बोले. हे मी याले कधी सांगतलं नाही, आता सांगून राहिलो."

कोणी तरी हसलं. काकाजी चितेकडे बघत थोडा वेळ थांबले. ज्वाळा चांगली उंच गेली होती. मला उगाचच वाटून गेलं की ते वाट पाहतायत, उठून बसतो का ते.

"याची चौहद्दी काय सांगू," ते म्हणाले. "तीन बाजू खाली होत्या. एका बाजूनं मी होतो."

आणि बसले. पांढुर्ण्याच्या इतिहासातलं त्यांचं सगळ्यात लहान भाषण. लोक रडले, घड्याळाकडे कोणी पाहिलं नाही. या यशाची त्यांनी दखलही घेतली नाही. ते पांढऱ्या दुपट्ट्याने चष्मा पुसत होते आणि चष्मा काही स्वच्छ होत नव्हता.

घरी आलो तेव्हा टीव्ही चालूच राहिला होता. काकूंनी आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. ओल्या कपड्यांनिशी काकाजी दारात उभे राहिले आणि पट्टी पाहत मला म्हणाले, "साहेब, आता माह्यावर कोन बोलन?"

गावात बोलणारे बरेच आहेत, असं काही तरी मी पुटपुटलो. ते म्हणाले, ते सगळे निगर्वी म्हणतील. मग माझ्याकडे वळले. "तुमी बोला. वर राहता, सगळं पाह्यलं आहे तुमी. पन खोटं नका बोलू."

मी हो म्हटलं. ओल्या अंगाने दारात उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

पुढे टीव्ही नीट चालला. काकूंनी नवं स्वस्तिक भिंतीवर काढलं, टीव्हीपासून हातभर लांब. काकाजी पुन्हा लोकांच्या मातीला जाऊ लागले, पण बोलायला उठत नसत. मागे बसून दुसऱ्यांचं ऐकत आणि घरी येऊन त्यांच्या चुका काढत. दुसऱ्याच वर्षी माझी बदली झाली. आता मी ज्या शहरात आहे तिथे माझ्या भिंतीवरही मोठा टीव्ही आहे. तो मला रोज विचारतो, कोण पाहत आहे, आणि जगातलं सगळं दाखवतो. पांढुर्ण्याची पट्टी त्यात येत नाही. काकाजी गेल्याचं मला कळलं ते काकूंच्या फोनवरून, तेरवी होऊन गेल्यावर. घाटावर कोण बोललं, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, बोलले ना बरेच जण, फार चांगलं बोलले, निगर्वी होते म्हणाले.

म्हणून हे लिहिलं. शेडखाली उभं राहून बोलायचं ते राहून गेलं, निदान कागदावर तरी. चौहद्दी मला त्यांच्यासारखी जमणार नाही, तरी सांगतो. पूर्वेस काकू. पश्चिमेस तिगावचा बगीचा. उत्तरेस पुण्याची मुलगी, दिशा चुकली असेल तर पटवाऱ्याने माफ करावं. दक्षिणेस पोस्टमास्तर. आणि वरच्या मजल्यावर, जो कोणत्याच चौहद्दीत धरत नाहीत, एक भाडेकरू, ज्याला कपडे वाळत घालायला दोरी मिळाली होती, रविवार सोडून.

तेव्हा काकाजी, उठून बसायचं काही कारण नाही.